वेळ आहे, पण बोलायला हवं!

जानेवारी उजाडला की आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात काही गोष्टी ठरलेल्याच असतात. ३ तारखेला खंडाळा तालुक्यातल्या नायगावी सावित्रीबाईंची जयंती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत गल्लोगल्ली हळदीकुंकू. आणि रस्त्यावर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, जिच्यामागे आपली एस.टी. अडकते आणि सोमवारचं पहिलं लेक्चर हमखास बुडतं. या महिन्याची आणखी एक ओळख आहे, ती मात्र फार कमी जणांना ठाऊक असते. जानेवारी हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल जागृती करण्याचा महिना म्हणून अनेक देशांत पाळला जातो.

"इंजिनिअरिंगच्या मॅगझिनमध्ये हा विषय कशाला?" असं काहींना वाटेल. मुलांनी तर एव्हाना पान उलटायला घेतलं असेल. मित्रांनो, थांबा! आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात १ लाख २७ हजारांहून जास्त स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. कॅल्क्युलेटर काढून भागाकार करा. दर तासाला नऊ. म्हणजे आपलं एक लेक्चर सुरू होऊन संपेपर्यंत देशात कुठेतरी नऊ घरांतली आई, काकू किंवा आजी गेलेली असते. भारतीय स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या खालोखाल याचाच नंबर लागतो.

आणि यातली सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे बहुतेक कर्करोगांपेक्षा हा रोग टाळायला सोपा आहे. त्याचं कारण माहीत आहे, त्याच्यावर लस आहे, आणि तो कर्करोग होण्याआधीच पकडता येतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी फक्त १.९ टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधीतरी ही तपासणी करून घेतलेली आढळली. शंभरात दोनसुद्धा नाहीत!

गंमत अशी, की आपल्या भागात दवाखान्यांचा दुष्काळ नाही. मिरजेला तर लोक वैद्यकीय नगरी म्हणतात. तिथलं मिशन हॉस्पिटल १८९४ पासूनचं. मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, कराडला कृष्णा हॉस्पिटल आहे. मग अडतं कुठे? मला वाटतं, अडतं ते बोलण्यात. ते कसं, हे सांगण्यासाठीच हा लेख.

क्रॅक कुठे पडतो?

आधी शब्दांचा प्रश्न सोडवू. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. बायोलॉजीच्या पुस्तकातला 'सर्व्हिक्स' मला पाठ होता, आकृती काढून नावं द्यायलाही जमायचं. पण त्याला बायका काय म्हणतात ते मात्र माणमधल्या एका आशाताईंनी मला शिकवलं. गर्भाशय म्हणजे 'पिशवी' आणि गर्भाशयमुख म्हणजे 'पिशवीचं तोंड'. इतका सरळ शब्द आहे. पुढे मीही तोच वापरणार आहे.

पिशवीच्या तोंडाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एका विषाणूमुळे होतो. त्याचं नाव ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझन यांनी १९८० च्या दशकात हा संबंध उघड केला आणि त्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळालं. या विषाणूचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, पण १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के कर्करोगांना जबाबदार असतात.

हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. आता इथे लगेच कुजबुज सुरू होते, म्हणून स्पष्टच लिहिते. हा विषाणू इतका सर्रास आढळतो, की वैवाहिक आयुष्य जगणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो, कळतसुद्धा नाही. त्यामुळे एखादीला हा रोग झाला म्हणून तिच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या चारित्र्याबद्दल बोलणं म्हणजे निव्वळ अज्ञान आहे.

थोड्या स्त्रियांमध्ये मात्र विषाणू मुक्काम ठोकतो. तिथल्या पेशी हळूहळू बदलू लागतात, आणि त्या बदललेल्या पेशींचा कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात. कमी वयात लग्न आणि बाळंतपण, जास्त बाळंतपणं, तंबाखूचा धूर यांनी धोका वाढतो. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना तर तो सुमारे सहापट असतो, आणि त्यांच्यात हा प्रवास ५ ते १० वर्षांतच पूर्ण होऊ शकतो. एकेकाळी एचआयव्हीचा जबर फटका बसलेल्या सांगली जिल्ह्याने हे विसरून चालणार नाही.

मेकॅनिकलच्या मंडळींना हे लगेच कळेल. हा फटीग क्रॅकच आहे. शाफ्ट एका दिवसात तुटत नाही. आधी डोळ्यांना न दिसणारी भेग पडते, ती लोडच्या प्रत्येक फेऱ्याला केसभर वाढते, आणि मग एक दिवस शाफ्ट 'अचानक' तुटतो. मशीन चाललंय म्हणून आपण तपासत नाही. बाईचंही तसंच. दुखत नाही म्हणून ती जात नाही, आणि दुखायला लागतं तेव्हा भेग बरीच पुढे गेलेली असते.

तपासणी म्हणजे नक्की काय?

तपासणीचे मुख्य प्रकार तीन. पहिला पॅप स्मिअर. पिशवीच्या तोंडावरच्या थोड्या पेशी ब्रशने घेऊन काचेवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. यासाठी प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ लागतो आणि रिपोर्टसाठी बाईला परत यावं लागतं. शेतातली खुरपणी सोडून ती परत येईलच याची खात्री नसते.

दुसरी तपासणी सर्वांत साधी. ३ ते ५ टक्क्यांचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे साधारण आपल्या मेसमधल्या चायनीजच्या व्हिनेगरइतकंच तीव्र. ते कापसाच्या बोळ्याने पिशवीच्या तोंडाला लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. बदललेल्या पेशी असतील तिथे पांढरा डाग उठतो. आपल्या वर्कशॉपमधली डाय पेनिट्रंट टेस्ट आठवा. द्रव लावा, थांबा, बघा. निकाल जागच्या जागी. या तपासणीला 'व्हिया' म्हणतात. हिला वीज लागत नाही, लॅब लागत नाही, ट्रेनिंग घेतलेली नर्स ती करू शकते. पण मर्यादाही आहेत. निकाल बघणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो. शिवाय पाळी गेलेल्या बायकांमध्ये बघायची जागा आत सरकते, म्हणून त्यांना ही तपासणी तितकीशी उपयोगी पडत नाही.

तिसरी म्हणजे एचपीव्ही टेस्ट. पेशी बघत बसण्यापेक्षा विषाणू आहे की नाही हेच तपासायचं. जागतिक आरोग्य संघटना आता हीच टेस्ट सुचवते. ती ३० व्या वर्षापासून ५ ते १० वर्षांनी एकदा केली तरी चालते. या टेस्टचा सॅम्पल बाई स्वतःचा स्वतः घेऊ शकते! पडद्याआड जायचं, पातळ ब्रश किंवा स्वॅब वापरायचा आणि नळीत घालून द्यायचा. 'पुरुष डॉक्टर असला तर?' ही भीतीच निकालात निघते.

तपासणीत दोष सापडला, तर पुढे काय? बहुतेक वेळा तो कर्करोग नसतो, कर्करोगाच्या आधीची पायरी असते. ती जागा गोठवून किंवा तापवून नष्ट करता येते. तापवण्याच्या यंत्राचं टोक शंभर अंशांच्या आसपास तापतं आणि काम मिनिटभरात होतं. काही यंत्रं तर बॅटरीवर चालतात. पोट फाडणं नाही, टाके नाहीत, बहुतेकदा अ‍ॅडमिट होणंही नाही. बाई त्याच दिवशी घरी जाते.

बार्शीने काय दाखवून दिलं

आता माझा मूळ मुद्दा. नुसतं बोलून, समजावून सांगून खरंच फरक पडतो का? की हे आपलं एनएसएसच्या अहवालात लिहायचं वाक्य? याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत मिळालेलं आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या सहकार्याने १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शी, परांडा आणि भूम हे तिचे तालुके. शहरातली नोंदणी सोपी असते, हॉस्पिटलच्या फायली बघायच्या. खेड्यात मात्र बाई हॉस्पिटलला पोचतच नाही, मग फाइल कुठली? म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. माणसांना भेटायचं, बैठका घ्यायच्या, कर्करोगाची लक्षणं कोणती ते सांगायचं आणि कुणाला तसं काही असेल तर तिला हॉस्पिटलपर्यंत आणायचं. काम होतं मोजणीचं, पण मोजण्यासाठी बोलावं लागलं.

आणि झालं काय, तर काही वर्षांतच आकड्यांचा चेहरा बदलला. पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्ण येत होत्या, त्यांच्यात पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर येणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. बी. एम. नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये हे आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडलं. लक्षात घ्या, तेव्हा तिथे गावोगाव तपासणीची मोहीम नव्हती, लस तर जन्मालाही आली नव्हती. फक्त माहिती गेली होती, आणि माहितीच्या मागोमाग बायका लवकर आल्या. लवकर आलेली बाई वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

याच मंडळींनी पुढचं पाऊल टाकलं. १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ५२ गावसमूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. चार गट केले. एकाला एचपीव्ही टेस्ट, एकाला पॅप, एकाला व्हिया, आणि चौथ्याला नेहमीची उपलब्ध सेवा. तपासणी आयुष्यात फक्त एकदा. निकाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झाले होते, एचपीव्ही टेस्टच्या गटात ३४. जवळजवळ निम्मे! पॅप आणि व्हिया एकदाच केल्याने मात्र मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही. चौथ्या गटातल्या स्त्रियांना तपासणी न देणं योग्य होतं का, यावर नंतर बरीच टीका झाली आणि ती विचार करायला लावणारी आहे. आज आपल्याला जे माहीत आहे त्यात त्या बायकांचाही वाटा आहे, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं.

मग व्हिया निरुपयोगी का? तसंही नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त स्त्रियांचा अभ्यास केला. तिथे व्हिया करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, ट्रेनिंग घेतलेल्या कार्यकर्त्या होत्या. दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्या केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. थोडक्यात, ज्याची टेस्ट साधी त्याने ती पुन्हा पुन्हा करावी. क्वालिटी कंट्रोलचा हा नियम आपल्याला नवा नाही.

बायका काय विचारतात?

आमचा एनएसएसचा सात दिवसांचा कॅम्प माण तालुक्यातल्या एका गावी होता. सकाळी बंधाऱ्याचं काम, दुपारी जनजागृती. आशाताई आणि पीएचसीच्या डॉक्टर मॅडम यांनी महिलांची बैठक घेतली, आम्ही मुली मदतीला होतो. पहिली दहा मिनिटं कुणी तोंड उघडेना. मग बैठकीला बसलेले दोन-तीन पुरुष चहाला गेले आणि एक आजी म्हणाल्या, "आता ईचारा गं बायांनो, गडी गेलं." पुढे दीड तास बैठक संपेना. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि मॅडमनी दिलेली उत्तरं इथे देते, कारण हेच प्रश्न तुमच्या घरातही असणार.

"काय दुखत न्हाई, मग कशाला तपासायचं?" दुखत नाही तेव्हाच तपासायचं. सुरुवातीला या रोगात काहीच होत नाही. हातात वेळ असतो तो तेव्हाच.

"अंगावरून पांढरं जातं, म्हणजे कॅन्सर हाय का?" बहुतेक वेळा नाही. साधा जंतुसंसर्ग असतो, गोळ्यांनी बरा होतो. पण वास येणारं, पाण्यासारखं किंवा रक्तमिश्रित जात असेल तर दाखवायचं.

"मग खरी धोक्याची खूण कुठली?" पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं तर. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त गेलं तर. नवऱ्याजवळ गेल्यानंतर रक्त गेलं तर. या तिन्हींपैकी काहीही झालं तर 'बघू दिवाळी झाल्यावर' नाही, त्याच आठवड्यात डॉक्टर.

"माझी पाळी जाऊन पाच वर्षं झाली, आता मला काय होतंय?" हा गैरसमज सर्वांत घातक. पाळी जाते, पिशवीचं तोंड जात नाही. सरकारी कार्यक्रमात तपासणीचं वय ३० ते ६५ असं आहे.

"तपासणीला दुखतंय का?" थोडं अवघडल्यासारखं होतं, दोन-तीन मिनिटांचं काम. एक काकू यावर म्हणाल्या, "चार बाळंतपणं काढली, दोन मिनिटांचं काय घेऊन बसलीस!" सगळ्या हसल्या आणि मला वाटतं, त्या हसण्यानेच निम्मं काम झालं. दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात तपासणीला आधी नाव न दिलेल्याही काहीजणी आल्या.

तिथे जाणवलेली एक गोष्ट सांगते. पोस्टर आम्ही मेहनतीने केलं होतं, थर्माकोलचं मॉडेलही होतं. पण बायका ऐकत होत्या आशाताईंचं. कारण त्या गावातल्याच, त्यांच्या भाषेत बोलणाऱ्या आणि स्वतः तपासणी करून घेतलेल्या होत्या. "मी केलीय, काही होत नाही," हे त्यांचं एक वाक्य आमच्या सगळ्या चार्टपेपरना भारी पडलं.

माहिती द्या, भीती नको

आता याची दुसरी बाजू. कर्करोगाचं नाव अर्धवट सांगितलं तर ते बाईविरुद्धच वापरलं जातं. आपल्याकडे हंगामात बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडणी कामगार येतात. त्यांच्या कोप्या आपण कारखान्याच्या रस्त्यावर बघतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या पिशवी काढण्याचा प्रश्न गाजला. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून जास्त स्त्रियांपैकी १३ हजार ८०० हून अधिक स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. कित्येकजणी तिशीतल्या. अंगावरून जातंय किंवा पोटात दुखतंय म्हणून डॉक्टरकडे गेल्या, तर "पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल" असं सांगून ऑपरेशन केल्याच्या तक्रारी होत्या. त्यातून खाडा पडला की मुकादम पैसे कापणार, म्हणून पाळीच नको, हेही कारण.

म्हणून आपण जेव्हा कर्करोगाबद्दल बोलू, तेव्हा पुढचं वाक्यही बोललंच पाहिजे: पिशवी काढणं हा कर्करोग टाळण्याचा उपाय नव्हे. सूज म्हणजे कर्करोग नव्हे. पांढरा डाग दिसला म्हणजेही लगेच कर्करोग नव्हे. कर्करोग आहे असं म्हणायचं तर तुकडा काढून तपासलेला रिपोर्ट हवा, ज्याला बायोप्सी म्हणतात. कुणी ऑपरेशन सांगितलं तर रिपोर्ट मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. तरुण वयात पिशवीबरोबर अंडाशयही काढली, तर हाडं ठिसूळ होण्यापासून पुढची दुखणी आयुष्यभर मागे लागतात. एका टेस्टवरून अख्खं मशीन भंगारात काढणारा इंजिनिअर आपण ठेवून घेऊ का? मग बाईच्या शरीराला वेगळा नियम का?

लस आणि पुन्हा बार्शी

एचपीव्हीची लस ९ ते १४ वयाच्या मुलींना दिली तर सर्वांत उपयोगी, कारण तेव्हा विषाणूशी गाठ पडलेली नसते. भारतात २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅक या लशीला परवानगी मिळाली. ती १६ आणि १८ सह चार प्रकारांविरुद्ध काम करते. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली. तुमच्या गावात ती कोणत्या वयाला, कुठे मिळते हे आशाताईंना विचारा. हॉस्टेलच्या मुलींनो, आपलं वय गेलेलं नाही. २६ वर्षांपर्यंत लस घेता येते. डोस किती हे वयावर ठरतं, ते डॉक्टर सांगतील.

"एकच डोस पुरतो का?" या जागतिक प्रश्नाच्या उत्तरातही आपल्या बार्शीचा आणि पुण्याचा वाटा आहे. २००९ मध्ये देशातल्या नऊ केंद्रांवर लशीचा अभ्यास सुरू झाला, त्यात ही दोन केंद्रं होती. तुलना दोन आणि तीन डोसांची करायची होती. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद झाला आणि सरकारने सर्व अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. हजारो मुलींना एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा मात्र सोडला नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष आला, की १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसनेही सुमारे ९५ टक्के संरक्षण मिळतं, दोन-तीन डोसांइतकंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचाही पर्याय मान्य केला, तो अशा अभ्यासांच्या जोरावर. फसलेला प्रयोग नीट लिहून ठेवला तर काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण जर्नल पूर्ण करताना मला तरी सुचत नाही!

लशीने मूल होत नाही, ही अफवा आहे, तिला आधार नाही. आणि लस घेतली तरी तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, कारण लस सगळ्याच प्रकारांना अडवत नाही.

कुठे बोलायचं?

हळदीकुंकवाला बायका जमतात, तिथे वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा देण्यापेक्षा तपासणीची तारीख द्या, असं सुचवावंसं वाटतं. पण इथे एक अडचण आहे. हळदीकुंकवाला विधवांना बोलावत नाहीत, आणि पाळी गेलेल्या, एकट्या पडलेल्या, कुणी विचारपूस न करणाऱ्या बायका त्यांच्यातच जास्त. मिरजेपासून फार लांब नसलेल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. ज्या गावात असं सर्वांचं हळदीकुंकू होतं, तिथे हा विषय नक्की घ्या. बाकी ठिकाणी बचत गटाची मीटिंग उत्तम. हप्ता भरायला सगळ्याच येतात.

सांगलीला याचा जुना अनुभव आहे. संग्राम संस्थेने १९९२ पासून एचआयव्हीच्या कामात हेच सूत्र वापरलं. वेश्याव्यवसायातल्या बायकांनीच एकमेकींना निरोध आणि आजाराची माहिती द्यायची. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा शेजारणीचा शब्द खोल जातो.

आपण काय करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंतचं लक्ष्य ठरवलं आहे: ९० टक्के मुलींना १५ व्या वर्षाआधी लस, ७० टक्के स्त्रियांची ३५ व्या आणि ४५ व्या वर्षापर्यंत तपासणी, आणि दोष सापडलेल्या ९० टक्के जणींना उपचार. लक्ष्य मोठं आहे, पण आपला वाटा छोटा आणि स्पष्ट आहे.

येत्या शनिवारी घरी गेलात की आईला विचारा, "आई, तू पिशवीच्या तोंडाची तपासणी केलीस का?" मुलांना अवघड वाटेल. मग वडिलांशी बोला, किंवा हा लेख स्वयंपाकघरात उघडा ठेवून या. पण मुलांनी अंग काढून घेऊ नये. विषाणू पुरुषांकडूनही जातो, आणि बऱ्याच घरांत बाईने दवाखान्यात जायचं की नाही हे अजून पुरुषच ठरवतो. उद्या तुम्हीच ते ठरवणारे असाल.

उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. तपासणीचा वार ठरलेला असेल तर तो लिहून घ्या. सरकारी कार्यक्रमात पिशवीच्या तोंडाबरोबर तोंडाची आणि स्तनांचीही तपासणी आहे, त्यामुळे मिश्री लावणाऱ्या आजीलाही बरोबर न्या. पुढे उपचार लागलाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

आणि शेवटची विनंती रेक्टर मॅडमना आणि कॉलेजला. आपल्या मेसमध्ये पहाटे पाचपासून चपात्या लाटणाऱ्या मावशी, हॉस्टेल झाडणाऱ्या ताई, लॅबमधल्या अटेंडंट मॅडम, या सगळ्या बरोबर त्याच वयाच्या आहेत. खाडा धरला जाईल म्हणून त्या दवाखान्यात जात नाहीत. वर्षातून एक दिवस त्यांना भरपगारी सुट्टी द्या आणि कॉलेजची बस द्या. त्या दिवशी मेस आम्ही विद्यार्थी चालवू. भात थोडा लागेल, आमटी बहुतेक खारट होईल, पण एक दिवस खपवून घेऊ.

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी